पाटाची कोरी कड

आमच्याकडे मुलीच्या लग्नात दागिन्यांवरून वाद झाले, मानपानावरून झाले, एकदा तर जिलेबीच्या पाकावरून झाले; पण पाटांवरून कधीच झाले नाहीत. दोन पाट, सागवानी, एकाच फळीतून काढलेले, काठाला गोल आणि खाच. ते अण्णांनी करायचे. अण्णा म्हणजे माझे वडील, कसब्यातले सुतार. त्यांनी आपल्या दोन्ही बहिणींना पाट करून दिले, माझ्या थोरल्या बहिणीला दिले. माझ्या लग्नात पाट मुलीकडचे होते. ते अण्णांनी उलटे करून पाहिले आणि "फळी बरी आहे" एवढंच म्हणाले. माझी बायको हे वाक्य गेली सत्तावीस वर्षं जपून आहे.

गोल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण हल्ली फर्निचरच्या कडेला वरून जी पट्टी चिकटवतात तिलाच लोक नक्षी समजतात. गोल हा चिकटवायचा नसतो. फळीच्या काठावरच, तिच्याच लाकडातून, पेन्सिलीएवढी जाड अशी एक गोलसर रेघ काढायची, आणि तिच्या आतल्या अंगाला एक बारीक खाच पाडायची, म्हणजे ती रेघ फळीपासून सुटून उठून दिसते. त्यासाठी वेगळा रंधा असतो. हातभर लांब, दोन बोटं रुंद, आणि त्याचा तळ सपाट नसून गोलाच्या मापाचा पोकळ. रंधा काठावरून सरकत जातो, लाकडाची साल निघत राहते आणि मागे गोल उरतो. लिहायला सोपं आहे. मी आयुष्यात एकदा प्रयत्न केला होता. त्या फळीचं पुढे सरपण झालं.

अण्णांच्या पाटांत आणखी एक गोष्ट असायची. दोन्ही पाट शेजारी शेजारी मांडले की एकावरची खाच सरळ दुसऱ्यावर जायची, कारण गोल आधी अख्ख्या फळीवर मारलेला असायचा आणि फळी मग मधोमध कापलेली असायची. जिथं दोन पाट एकमेकांना टेकतात ती कड मात्र कोरी. तिथं गोल नाही, खाच नाही, काही नाही. आमच्या आत्या म्हणायच्या, नवरा-बायकोच्या मधे काही येऊ नये म्हणून ती कोरी ठेवतात. हे ऐकून माझ्या बहिणीच्या लग्नात चारदोन बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "गोलाला गोल टेकला की मधे फट पडते. फटीत घाण बसते."

आणि मी? मी सुताराचा एकुलता एक मुलगा. सुतारकामात माझं पद एकच, ते पन्नाशी उलटली तरी बदललं नाही: तुकडा धरणारा. फळीच्या आडव्या कडेवर रंधा मारताना तो पलीकडे बाहेर पडतो तेव्हा कोपऱ्याची ढलपी उडते. ती उडू नये म्हणून पलीकडून एक टाकाऊ लाकडाचा तुकडा घट्ट दाबून धरायचा. उडायचंच असेल तर त्याची ढलपी उडेल. हे काम मी मन लावून करतो. पोटापाण्यासाठी मी खराडीला एका कंपनीत असतो. तिथं दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्यांना नंबर द्यायचे आणि ज्याची चूक त्याला कळवायचं, याचा मला पगार मिळतो. बारीकसारीक चूकही माझ्या नजरेतून सुटत नाही असं माझ्या साहेबांचं मत आहे. हे लक्षात ठेवा.

अण्णांचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. "डोळा समजूत काढतो," म्हणायचे. गोल मारून झाला की ते डोळे मिटायचे आणि अंगठा काठावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचे. अंगठा कुठं अडखळला तर परत रंधा. नाही अडखळला तर "चालेल." आमच्या घरात याहून मोठं कौतुक नव्हतं. मी दहावी पास झालो तेव्हा चालेल. मला पहिली नोकरी लागली, चालेल. माझी मुलगी जन्मली आणि दवाखान्यात त्यांच्या हातात दिली, तर तिच्या कपाळावरून अंगठा फिरवून म्हणाले, "चालेल." मस्त, छान, अप्रतिम हे शब्द आम्ही बाहेर वापरायचो. घरात आणत नव्हतो.

मग शुगरनं त्यांना गाठलं. आधी डोळ्यांचा पडदा गेला. माणसं, दारं, बस एवढं त्यांना दिसायचं, पण रेघ दिसेनाशी झाली. ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. डोळा तसाही त्यांच्या लेखी बिनकामाचा होता. पण दोन वर्षांपूर्वी एकदा कसब्यातल्या दुकानाबाहेर आम्ही चहा घेत होतो. काचेचा ग्लास इतका गरम होता की मी रुमालात धरला होता. अण्णांनी नुसत्या बोटांनी धरला होता आणि ते आरामात बोलत होते. मला वाटलं, काय हात आहेत सुताराचे! घरी आलो तेव्हा तीन बोटांना फोड आलेले होते.

डॉक्टर म्हणाले, बोटांची संवेदना गेली आहे, ती परत यायची नाही. गरम वस्तू, धारदार वस्तू जपून.

"मग राहिलं काय?" अण्णांनी विचारलं.

डॉक्टरांना वाटलं ते चेष्टा करताहेत. ते हसले. मीही हसलो.

त्यानंतर दुकान म्हणजे नुसतं कुलूप उघडून बसायचं ठिकाण झालं. मी आठवड्यातून दोनदा त्यांना कोथरूडहून स्कूटरवर नेऊन सोडायचो आणि ते हत्यारांना तेल लावून बसायचे. कुणी काम घेऊन आलंच तर "वेळ नाही" म्हणायचे. वेळाखेरीज त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

अशात मुलीचं लग्न ठरलं. ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी जेवताना अण्णांनी जाहीर केलं, "पाट मी करणार."

माझ्या बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी आमटीकडे पाहिलं. "अहो अण्णा," ती जपून म्हणाली, "लग्न कार्यालयात आहे. तिथं पाट मिळतात सगळे."

"तिथं नवरामुलगाही मिळत असेल. चौकशी करून ठेवा."

मुलगी मात्र टाळी वाजवून म्हणाली, "आजोबा, मला तुमचेच हवेत. आत्याचे आहेत ना, सेम तसे." पोरीला काय माहीत. आजोबांच्या बोटांचं आम्ही तिला नीट सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे दुखणं सांगायची पद्धत नाही, आणि सांगितलं तर "चालायचंच" म्हणतात.

मला तेव्हाच कळलं होतं की हे दोन पाट झाले तर अण्णा अजून सुतार आहेत, आणि नाही झाले तर ते शुगर झालेले एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांनाही तेच कळलं होतं. आम्ही दोघंही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

फळी एकच होती. दुकानाच्या माळ्यावर बरीच वर्षं जपून ठेवलेली, बिनगाठीची, चांगली रुंद. एवढ्या रुंदीचं मुरलेलं सागवान आता मिळत नाही, मिळालं तरी ते ओलं असतं आणि महिन्याभरात वाकडं होतं. एका रविवारी सकाळी आम्ही ती खाली काढली. अण्णांनी पात्याची धार आवाजावरून लावली. दगडावर पातं घासताना कान वाकडा करून बसले होते, रेडिओ लागत नसल्यासारखे. रंध्यात पातं बसवलं, पाचर ठोकली.

आधी दोन्ही आडव्या कडा. मी पलीकडून तुकडा धरला.

"घट्ट धर. रेशनच्या रांगेत उभा असल्यासारखा उभा राहू नको."

दोन्ही आडव्या कडा बऱ्या उतरल्या. आखूडच असतात त्या. हाताच्या सवयीनंच निभावतात. मला तर वाटायला लागलं की डॉक्टरांना काय कळतंय.

मग लांब कड. गोलाचा रंधा सरळ ठेवायचं काम उजव्या हाताचं नसतं. डाव्या हाताची बोटं रंध्याच्या खाली फळीच्या अंगाला टेकलेली असतात आणि बोटांना लाकूड लागत राहतं, त्यावरून रंधा काठाला धरून आहे की सुटतोय ते कळतं. अण्णांची बोटं टेकलेली होती. पण त्यांना काही लागत नव्हतं. ते मला दिसत होतं, कारण बोटं अधूनमधून हवेत असायची आणि अण्णांना त्याचा पत्ता नसायचा. साल सलग निघायला हवी, फितीसारखी. ती तुकड्या-तुकड्यानं पडत होती. शेवटचा हात न थांबता, एका दमात मारायचा असतो. तो त्यांनी मारला, रंधा खाली ठेवला, डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

टोकापर्यंत जाऊन अंगठा परत सुरुवातीला आला. त्यांनी तो पायजम्याला घासला, फुंकर घातली, परत फिरवला. तिसऱ्यांदा फिरवला. मग डोळे उघडले आणि मला विचारलं, "कसा आलाय?"

त्यांनी आयुष्यात मला कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

कसा आला होता? सुरुवातीला गोल पेन्सिलीएवढा जाड होता. मध्यावर तो काडेपेटीतल्या काडीएवढा झाला होता आणि पुढे परत सुजला होता. खाच तर मुंगी चालावी तशी गेली होती. मी चुका शोधायचा पगार घेणारा माणूस. तिथल्या तिथं मला सात दिसल्या. त्यांना नंबर देता आले असते.

अण्णांचा चेहरा माझ्याकडे वळलेला होता. रेघ दिसत नाही म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

"मस्त आलाय," मी म्हणालो.

"मस्त?"

"हो. एकदम."

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी फळी फिरवली. दुसऱ्या कडेला त्यांनी तोच हात ठेवला, कारण त्या हातानं मस्त येतोय असं त्यांना नुकतंच कळलं होतं.

पुढच्या रविवारी फळी मधोमध कापली. मी जाड शाईनं रेघ आखून दिली होती, त्यामुळे करवत सरळ गेली. खाली पाय बसवले. दोन पाट तयार झाले. अण्णा परतताना स्कूटरवर मागे बसून, मला ऐकू जाईल न जाईल अशा आवाजात काहीतरी गुणगुणत होते. आई गेल्यापासून मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. मी सिग्नलला थांबलो की ते गप्प व्हायचे आणि निघालो की परत सुरू. मला वाटत होतं, रस्ता संपू नये.

"पॉलिश मी लावतो," मी घरी म्हणालो. तेवढंच जमतं मला.

बायकोनं पाट हातात घेतला, काठावरून बोट फिरवलं आणि बेडरूमचं दार लोटून घेतलं. "हे काय आहे?"

"हाताचं काम आहे. हाताचं असंच असतं."

"वन्संच्या पाटांवर पाहिलंय मी हाताचं काम. अण्णांना सांगितलंत?"

"काय सांगू?"

"दिसतंय ते."

"आणि पोरीला दिसलं तर? मांडवात चार माणसांना दिसलं तर? कुणीतरी बोलणारच त्यांच्यासमोर. आपल्याकडचे लोक काय आहेत तुला माहीत नाही का?"

"म्हणूनच म्हणतेय, तुम्ही सांगा. परका सांगण्यापेक्षा."

ती बरोबर होती. लग्नानंतर ती जितक्या वेळा बरोबर होती तितक्या वेळा मी तिचं ऐकलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

मी काय केलं ते आता सांगतो. अण्णा दुपारचे झोपलेले असताना मी दोन्ही पाट चादरीत गुंडाळले आणि स्कूटरवर पायाशी ठेवून आमच्याच भागातल्या एका तळघरात नेले. तिथं एकजण मॉड्युलर किचन करतो. उत्तरेकडचा माणूस, कामाला चोख. त्यानं पाट उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "साहेब, ये तो पूरा लहर मार रहा है. किसने किया?"

सांगायला काय हरकत होती? माझ्या वडिलांनी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. बोटांना काही कळत नसताना.

"माहीत नाही," मी म्हणालो. "जुने आहेत."

तो म्हणाला, काठ थोडा उतरवून परत मारावा लागेल, दोन सूत तरी जातील. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी म्हटलं, जाऊ दे. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला म्हणून मी बाहेर रस्त्यावर गेलो. कुणीतरी केलेली चूक मोठी मानायची की किरकोळ, यावर चर्चा होती. मी ठामपणे मोठी म्हणालो. आत मशीन किंचाळलं आणि थांबलं.

मी आत आलो तेव्हा तो पाटांवरचा भुसा झटकत होता. "चारों साइड मार दिया," तो खुशीत म्हणाला. "आपने दो साइड खाली छोड़ी थी ना, अच्छा नहीं लगता था."

चारी बाजूंनी. कोऱ्या कडेलासुद्धा.

गोल इतका सुबक होता की बघवत नव्हता. पहिल्या इंचापासून शेवटच्या इंचापर्यंत एकसारखा. मी मनाची समजूत काढली: अण्णांना रेघ दिसत नाही, अंगठ्याला कळत नाही, मुलीला कोऱ्या कडेचं काही माहीत नाही. ज्याला कळलं असतं असा कुणी उरलेलाच नाही. घरी आणून मी पाट गॅलरीत कपाटामागे ठेवले. बायकोनं चादर उघडून पाहिली आणि परत झाकली. काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

चार दिवसांनी भर दुपारी ऑफिसात अण्णांचा फोन आला. ते एरवी फोन करत नाहीत. नंबर लावताना आकडे बोटाखाली कळत नाहीत त्यांना.

"अरे, कळतंय!"

"काय कळतंय अण्णा? बरं आहे ना तुम्हाला?"

"ओठाला कळतंय. चहा पीत होतो, कपाला टवका आहे तो ओठाला लागला. बोटाला लागला नव्हता. मग मी टेबलाची कड बघितली ओठानं. दाराची चौकट बघितली. अरे, चौकटीचा रंग तीन ठिकाणी पोपडलाय, तुला ठाऊक आहे का? सगळं कळतंय रे. अंगठ्यापेक्षा बारीक कळतंय. मूर्ख मी. दोन वर्षं नुसता तेल लावत बसलो हत्यारांना." त्यांना धाप लागली होती. "पाट पॉलिश केलेस का?"

"नाही अजून."

"करू नको. तू ये, मग काढू. मी एकटा काढत नाही, कोपरा आपटायचा उगाच."

खराडीहून कोथरूडला यायला त्या दिवशी दीड तास लागला. एरवी मी गर्दीला शिव्या देतो. त्या दिवशी प्रत्येक लाल दिव्याला मला थोडा वेळ मिळत होता आणि त्या वेळात मी वाक्यं जुळवत होतो. अण्णा, एक सांगायचं राहिलं. अण्णा, त्याचं असं झालं. एकही वाक्य दुसऱ्या सिग्नलपर्यंत टिकत नव्हतं.

घरी पोचलो तर अण्णा दाढी करून, तोंड धुऊन, स्वच्छ पंचा मांडीवर घेऊन बसले होते. मुलगीही लवकर आली होती. आजोबांनी तिलाही बोलावून घेतलं होतं. तेव्हाच, चपला काढताना, मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी गॅलरीत गेलो आणि पाट घेऊन आलो. सांगितलं ते काम मी करतो.

अण्णांनी पहिला पाट मांडीवर उभा धरला, मान वाकवली, डोळे मिटले आणि खालचा ओठ काठाला टेकवून तो हळूहळू सरकवायला लागले.

"आजोबा, चाटताय की काय पाट!" मुलगी हसत मोबाईल काढायला लागली.

"गप ग." ओठ पुढे सरकत होता. लांब कड संपली. त्यांनी डोळे उघडले नाहीत. "सरळ आहे," ते म्हणाले. परत पहिल्यापासून गेले. "अरे, केवढा सरळ आलाय. कुठं म्हणजे कुठं दबलेला नाही. मला वाटलं होतं मधे हात हलला." त्यांनी पाट दोन्ही हातांनी घट्ट धरला. "म्हणजे हाताला येतंय अजून. बोटं मेली तरी हाताला येतंय!"

मी भिंतीला टेकून उभा होतो. बायको स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं.

आडवी कड झाली. दुसरी लांब कड झाली. आता ते हसत होते, ओठ पाटाला टेकलेला असतानाच हसत होते, त्यामुळे थोडी लाळ काठावर लागली, ती त्यांनी पंचानं पुसली. मग पाट आणखी एकदा फिरवला. ती कड त्यांना बघायची गरज नव्हती. ती कोरीच असणार. पण आनंदाच्या भरात माणूस सगळीकडे हात फिरवतो.

ओठ टेकला आणि थांबला.

मागे आला, पुढे गेला, परत थांबला. त्यांनी तो पाट खाली ठेवला आणि दुसरा उचलला. त्याच्या लांब कडा बघितल्याच नाहीत. थेट कोरी कड शोधली आणि ओठ लावला. मग तोही खाली ठेवला.

"झालं? पास का?" मुलीनं विचारलं. ती अजून मोबाईल धरून होती.

अण्णांनी पंचानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिले.

"चालेल," ते म्हणाले.

मुलगी उठून गेल्यावर ते मला म्हणाले, "गॅलरीत चल." तिथं ते कठड्याला धरून उभे राहिले आणि खाली पार्किंगकडे बघत म्हणाले, "मशीन?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

"एका पाटाला?"

"दोन्हींना."

त्यांनी मान हलवली. "माझा कसा होता? खरा."

मी सांगितलं. मधे बारीक झाला होता, पुढे सुजला होता, खाच पळाली होती. आता मला अडखळायला होत नव्हतं. सगळं तपशीलवार सांगितलं.

"काठ किती उतरवला मशीनवाल्यानं?"

"दोन सूत."

"दोन सूत." ते मनात मोजत असावेत. "दोन सूत मीही उतरवले असते. उतरवून परत मारला असता. तू नुसतं बोलत गेला असतास तर. इथं दाबा, इथं सुटतोय. एवढंच पाहिजे होतं. एक अंगठा पाहिजे होता मला, बाकी सगळं होतं."

"मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटलंच असतं. रविवारभर."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. ती टूं टूं वाजत होती.

"तू मस्त म्हणालास तिथंच मला कळायला हवं होतं," अण्णा म्हणाले. "आपल्यात कोण म्हणतं मस्त?"

"अण्णा, अजून महिना आहे. आता परत केलं तर? मी सांगत जातो. ओठालाही कळतंय तुमच्या."

"कशात करू? चारी बाजूंनी कोरलंय त्यानं. आणखी उतरवलं तर पाट राहायचे नाहीत, पोळपाट होतील. लग्नात नवरानवरीला पोळपाटावर बसवणार आहेस?"

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. ते आत गेले आणि बातम्या लावून बसले.

लग्न व्यवस्थित पार पडलं. पाट शेजारी शेजारी मांडले होते. मधे गोलाला गोल टेकून फट पडली होती आणि तिच्यात अक्षता जाऊन बसल्या होत्या. मुलाकडचे एक काका वाकून पाटाच्या काठावरून हात फिरवत अण्णांना म्हणाले, "तुम्ही केलेत म्हणे?"

"छे," अण्णा म्हणाले. "मुलानं केले."

"अहो काय सांगता! मशीनसारखं काम आहे हो!"

"हो ना," अण्णा म्हणाले. "हात आहे त्याला."

त्यांनी टोमणा मारला की मला पाठीशी घातलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. काकांनी माझा हात हातात घेऊन दाबला, आणखी चौघांना बोलावून पाट दाखवले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी हात जोडले. मुलगी पाटावरून वर बघत होती, "बाबा, तुम्ही?" असं तिचं तोंड हललं, आणि गुरुजींनी तिच्या हातावर पाणी सोडलं.

त्यानंतर अण्णा दुकानात गेले नाहीत. मी दोनतीनदा विचारलं, "जाऊ या का कसब्यात?" ते म्हणाले, "कशाला?" मी म्हटलं, तेल लावायला. म्हणाले, "लावलंय." ओठानं काही बघतानाही मी त्यांना परत पाहिलं नाही. चौकटीचा रंग मी पोपडलेल्या तिन्ही ठिकाणी लावून घेतला, तो त्यांनी तपासला नाही.

परवा सकाळी ते दाढी करून न्हाणीघराच्या दारात आले आणि मला हाक मारली. "बघ रे, राहिलंय का कुठं? हाताला कळत नाही."

मी चष्मा लावला, त्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि नीट बघितलं. "डाव्या कानाखाली राहिलंय. हनुवटीच्या खाली बोटभर पट्टा आहे. आणि ओठाच्या उजव्या कोपऱ्याला थोडं." एक गोष्ट लपवली नाही. "थांबा, मी काढून देतो."

"नको," ते म्हणाले. माझ्या हातातून हनुवटी सोडवून घेतली, पंचा खांद्यावर टाकला. "असू दे तसंच."

आणि तसेच, गालावर पांढरे पट्टे घेऊन, पोहे खायला जाऊन बसले.